टेंडरचा आकार आणि बचतगटाची मालकीण

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने शिरपूरकडे निघालं की सोनगीर मागे पडतं आणि पुढे नरडाणा येतं. शिंदखेडा तालुक्यातलं हे गाव तसं नशीबवान म्हणायचं. महामार्ग दारातून जातो, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं स्टेशन आहे, एमआयडीसी आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याच्या सुरुवातीच्या आराखड्यांत धुळे-नरडाणा हे नाव गुंतवणूक क्षेत्र म्हणून झळकलं होतं. पुढे शेंद्रा-बिडकीनने बाजी मारली आणि नरडाणा मागे राहिलं, ही सल धुळेकरांच्या बोलण्यात अजून येते. तरी कारखाने आलेच, आणि बोरविहीर-नरडाणा रेल्वेमार्गाचं कामही आता सुरू आहे.

कारखाना आला की नोकऱ्या किती, हे सगळे विचारतात. तो विकत काय घेणार आणि कोणाकडून घेणार, हे सहसा कोणी विचारत नाही. कारखान्याला कँटीन लागतं. कामगारांना गणवेश, हातमोजे, ऑफिसला फाइली, पुसणी, झाडू, पिशव्या लागतात. कारखान्याच्या फाटकाबाहेरही अंगणवाडीला आहार हवा असतो, शाळेला खिचडी, रेल्वेला चादरी आणि पडदे. केंद्र, राज्य, महामंडळं आणि पंचायती मिळून करतात ती सरकारी खरेदी देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असावी, असा जाणकारांचा अंदाज आहे. यातला किती पैसा एखाद्या बाईच्या धंद्याच्या खात्यावर पडतो, हा समावेशक खरेदीचा मूळ प्रश्न आहे. त्यात अनुदान नाही की कर्जमाफी नाही. नाही तरी घ्यायचाच आहे तो माल थोडा वेगळ्या हातांकडून घ्यावा, एवढीच मागणी आहे.

कायद्याच्या पुस्तकात ही मागणी मान्य होऊन बरीच वर्षं झाली. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा २००६ चा. त्याच्या अकराव्या कलमाखाली केंद्राने मार्च २०१२ मध्ये सार्वजनिक खरेदी धोरणाचा आदेश काढला. केंद्राची मंत्रालयं, खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांनी आपल्या वार्षिक खरेदीचा २० टक्के भाग सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यावा, असं त्यात ठरलं आणि एप्रिल २०१५ पासून ते सक्तीचं झालं. बायकांचा वेगळा उल्लेख मात्र त्यात नव्हता. तो आला २०१८ च्या नोव्हेंबरात. एकूण वाटा २५ टक्के झाला आणि त्यातले ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी राखले गेले. महिलांचा उद्योग कोणता, याचीही व्याख्या आहे. एकटीचा धंदा असेल तर मालक बाई हवी, भागीदारी किंवा खासगी कंपनी असेल तर किमान ५१ टक्के हिस्सा महिलांचा हवा.

याच आदेशात इतर सवलती आहेत. टेंडरचा फॉर्म फुकट, अनामत रक्कम माफ, आणि ३५८ वस्तू अशा की त्या फक्त सूक्ष्म-लघु उद्योगांकडूनच घ्यायच्या. या यादीत झाडू आहेत, कापडी पिशव्या आहेत, भरतकाम केलेले बिल्ले आहेत. शिलाई मशीन असलेल्या कोणत्याही घरात ही यादी वाचून दाखवली तर बाई म्हणेल, यातलं निम्मं तर मला येतं.

मग दराची सवलत. इथे बहुतेकांचा गैरसमज होतो. समजा, एका टेंडरात सर्वांत कमी दर मोठ्या कारखान्याचा, १०० रुपये. एका लघु उद्योगाचा दर ११३. १०० च्या वर १५ टक्क्यांच्या पट्ट्यात तो बसतो, म्हणून त्याला विचारलं जातं, १०० ला द्याल का? तो हो म्हणाला तर एकूण मालाच्या २५ टक्क्यांची ऑर्डर त्याला मिळते. म्हणजे १३ रुपये जास्त कोणी देत नाही. संधी मिळते, भाव मिळत नाही. कापडाचा ठोक सौदा थेट गिरणीशी करणाऱ्याला जो दर जमतो, तो धुळ्याच्या दुकानातून तागा उचलणाऱ्या बाईला कसा जमणार, याचं उत्तर आदेशात नाही. शिवाय ३ टक्के हे खात्याच्या वर्षभराच्या खरेदीचं उद्दिष्ट आहे. प्रत्येक टेंडरात बायकांसाठी जागा धरून ठेवलेली नसते.

आणखी दोन गोष्टी दारातच अडवतात. हे धोरण माल तयार करणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना लागू आहे, व्यापाऱ्यांना नाही. नरडाण्याहून रेल्वेने सुरतला जाऊन साड्या आणून विकणारी बाई कितीही हुशार असली तरी ती यात बसत नाही. बांधकामाची कंत्राटंही या २५ टक्क्यांच्या हिशेबात धरत नाहीत. ग्रामीण भागात सरकारी पैसा बहुतेक रस्ते-इमारतींच्या रूपानेच दिसतो, त्यामुळे ही वजाबाकी लहान नाही.

सुरुवातीची वर्षं या ३ टक्क्यांची अवस्था केविलवाणी होती. केंद्राच्या कंपन्यांची महिलांकडून झालेली खरेदी १ टक्क्यापर्यंतही पोचत नव्हती. २०१६ मध्ये सुरू झालेल्या गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेसने, म्हणजे सगळे ज्याला जेम म्हणतात त्या ऑनलाइन बाजाराने, चित्र थोडं बदललं. जानेवारी २०१९ मध्ये जेमवर ‘वुमनिया’ नावाने महिला विक्रेत्यांसाठी वेगळी खिडकी उघडली. सहा वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, सरकारने दिलेल्या आकड्यांनुसार तिथे सुमारे १ लाख ७८ हजार उद्यम-नोंदणीकृत महिला उद्योग होते आणि त्यांनी तोवर एकूण ४६,६१५ कोटी रुपयांच्या ऑर्डरी पुऱ्या केल्या होत्या. आकडा मोठा वाटतो. पण तो सहा वर्षांचा आहे आणि जेमवरची एका वर्षाची उलाढालच २०२३-२४ मध्ये ४ लाख कोटींच्या पुढे गेली होती. विक्रेत्यांमध्ये महिलांचं प्रमाण त्या वेळी ८ टक्के सांगितलं जात होतं.

या सगळ्यात जळगाव-धुळ्याच्या बाईला केंद्राचं गिऱ्हाईक शोधायचं तर फार लांब जावं लागत नाही. नरडाण्याच्या स्टेशनवरून पूर्वेला जाणारी गाडी अमळनेर, जळगाव करत भुसावळला पोचते. तिथे रेल्वेचं विभागीय कार्यालय आहे, आयुध निर्माणी आहे, पलीकडे वरणगावची दुसरी आयुध निर्माणी आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा या दोन्ही निर्माणी त्या कंपन्यांत गेल्या. २५ आणि ३ टक्क्यांचा नियम त्यांनाही लागू आहे.

पण महाराष्ट्रात बायकांच्या गटांनी सर्वांत मोठी लढाई लढली ती राज्य सरकारच्या खरेदीवरून, आणि ती खेळली गेली खाऊच्या पाकिटावर.

एकात्मिक बालविकास योजनेत तीन वर्षांखालची मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांना घरी न्यायचा आहार मिळतो. हा आहार करायचा कोणी? सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात ७ ऑक्टोबर २००४ रोजी स्पष्ट सांगितलं होतं की अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार वापरायचे नाहीत. गावसमाज, बचतगट, महिला मंडळं यांना प्राधान्य द्यायचं. आदेश इतका सरळ होता की ठेकेदारांनाही त्यातून वाट काढायला डोकं लावावं लागलं. काढली मात्र. २०१२ मध्ये न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांच्या कार्यालयाने महाराष्ट्राबद्दल अहवाल दिला. राज्यातल्या आहाराचा मोठा ठेका ज्या तीन महिला संस्थांकडे होता, त्यांनी प्रत्यक्ष उत्पादन खासगी कंपन्यांच्या हाती दिल्याचं त्यात मांडलं होतं. पाटीवर महिला, यंत्रावर दुसरेच.

पुढचा अंक मार्च २०१६ चा. राज्याच्या महिला व बालविकास खात्याने या आहारासाठी सुमारे ६,३०० कोटी रुपयांची निविदा काढली. तालुक्या-तालुक्याच्या प्रकल्पांचं काम मोठमोठ्या गठ्ठ्यांत बांधलं आणि उलाढालीची अट अशी घातली की गावातल्या बचतगटाने अर्ज भरायचं मनातही आणू नये. गंमत अशी की त्याच महिन्यात, १० मार्च २०१६ रोजी, केंद्राच्या लघुउद्योग मंत्रालयाचं परिपत्रक निघालं होतं. गुणवत्तेची अट पाळून सूक्ष्म-लघु उद्योगांना पूर्वीच्या उलाढालीची आणि अनुभवाची अट शिथिल करावी, असं त्यात म्हटलं होतं. ते परिपत्रक केंद्राच्या खात्यांपुरतं होतं, हे खरं. पण एकच महिना, एकच देश, आणि दोन टोकांचे कागद.

वैष्णोराणी महिला बचतगट आणि इतर काही गट न्यायालयात गेले. उच्च न्यायालयातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. न्या. अरुण मिश्रा आणि न्या. दीपक गुप्ता यांच्या पीठाने २६ फेब्रुवारी २०१९ रोजी निकाल दिला. निविदेच्या अटी बचतगटांना बाहेर ठेवणाऱ्या आहेत, म्हणून ती रद्द, आणि चार आठवड्यांत नव्याने प्रक्रिया सुरू करा. बचतगटाच्या नावाने दाखल झालेल्या खटल्यात हजारो कोटींची निविदा मोडीत निघणं ही रोजची गोष्ट नाही. राज्यात तिची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

या निकालाचं महत्त्व आहाराच्या पाकिटापुरतं नाही. टेंडर लिहिताना कोणीही ‘बायका चालणार नाहीत’ असं लिहीत नाही. फक्त लिहितात, गेल्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल इतके कोटी, अशाच कामाचा पाच वर्षांचा अनुभव, संपूर्ण जिल्ह्याला एकच पुरवठादार. धुळे जिल्ह्यात चारच तालुके. शिंदखेड्याची ऑर्डर शिंदखेड्याला, साक्रीची साक्रीला काढली तर चार दारं उघडतात. चारही एका कागदात बांधले तर एकच दार उरतं आणि त्याची उंची आधीच कोणाच्या तरी मापाची असते. राखीव टक्का वरून येतो, पण कामाचे तुकडे किती मोठे करायचे हे जिल्ह्यातला एखादा अधिकारी एका दुपारी ठरवतो. ३ टक्क्यांचे ५ केले तरी या दुपारचं काही बिघडत नाही.

केरळने हा तुकडा लहान ठेवला. तिथल्या अंगणवाड्यांतून लहान मुलांना मिळणारं ‘अमृतम न्यूट्रिमिक्स’ कुटुंबश्रीच्या बायका करतात, आणि तेही एका अजस्र कारखान्यात नव्हे, राज्यभर पसरलेल्या दोनशेहून अधिक छोट्या केंद्रांत. पाककृती ठरलेली, कच्चा माल आणि तपासणीची पद्धत ठरलेली. करणाऱ्या मात्र गावच्या. स्वच्छतेसाठी स्वयंचलित महाकारखानाच हवा, हा युक्तिवाद म्हणूनच फारसा टिकत नाही.

एवढं म्हटल्यावर उलट बाजूही सांगायला हवी, कारण बायकांना काम दिलं की सगळं आपोआप होतं असं नाही. २०२४-२५ च्या शालेय वर्षात राज्याने ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना आणली. कापड एकगठ्ठा मुंबईच्या पातळीवर घेतलं आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत, म्हणजे माविममार्फत, बचतगटांकडे सोपवली. माविमची स्थापना १९७५ ची. राज्यभर गटांचं जाळं. कल्पना कागदावर देखणी होती. जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा बऱ्याच मुलांच्या अंगावर गणवेश नव्हते. काही महिने तक्रारींचे गेले. मापं चुकली, शिलाई उसवली. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिली.

वर्तमानपत्रांत ठपका शिवणाऱ्यांवर बसला. पण कापड उशिरा पोचलं तर शिलाई वेळेत कशी होणार? मुलाला न बघता, नुसत्या इयत्तेवरून माप काढलं तर पँट कोणाला होणार? एका गणवेशामागे शंभराच्या आसपास रुपये मजुरी. त्यातच दोरा, बटणं, वाहतूक धरली तर मशीनवर बसणारीच्या हातात काय उरतं? खरेदी वरून केंद्रित आणि मेहनत खाली विकेंद्रित, अशी ही रचना होती. समावेशक खरेदी म्हणून ती दाखवायला बरी होती. शाळेजवळच्या शिंपिणीला थेट ऑर्डर दिली असती तर तिने पोराला उभं करून टेप लावला असता.

अंगणवाडीतल्या ताज्या शिजवलेल्या आहाराचा हिशेबही असाच बघण्यासारखा आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी गावातलेच गट तो शिजवतात. केंद्राने २०१७ मध्ये ठरवलेला खर्चाचा दर मुलामागे दिवसाला ८ रुपये. अंगणवाडीत ४० मुलं असतील तर दिवसाचे ३२० रुपये. पावसाळ्यात टोमॅटो चढला, तेल चढलं, तरी दर तोच. आणि बिल? ते निघतं तेव्हा निघतं. मधले महिने किराणा दुकानदाराच्या उधारीवर चालतात. म्हणजे सरकारच्या योजनेला भांडवल पुरवतो तो गावचा वाणी, आणि जामीन राहते गटाची अध्यक्ष.

खानदेशातलं बिबडं, म्हणजे ज्वारीचा पापड, घेतलं तरी हेच दिसतं. ज्वारी दोन-तीन दिवस भिजवायची, वाळवायची, भरड काढायची. मग मोठ्या पातेल्यात लसूण, तीळ, तिखट, मीठ घालून घाटा शिजवायचा. तो ढवळायला खांद्यात ताकद लागते. गरम घाटा ओल्या हाताने कापडावर थापायचा, आणि ऊन कडक असेल तोवरच वाळवायचा. फाल्गुन-चैत्रातच हे होतं. म्हणजे वर्षभर विकायचा माल दीड-दोन महिन्यांत करून ठेवायचा आणि ज्वारीचे, तिळाचे पैसे आधी मोजायचे. सरकारी कँटीनने किंवा कंपनीने त्याची ऑर्डर दिलीच आणि पैसे दिवाळीला दिले, तर पुढच्या फाल्गुनात भिजत घालायला ज्वारी कोणाच्या पैशाने आणायची? अन्नसुरक्षा नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते, उद्यम नोंदणी तर फुकट, आणि त्या अर्जात बचतगट हा पर्यायही आहे. कागदांची अडचण सोडवता येते. पैसे अडकून पडणं ही खरी मारक गोष्ट.

त्यावरही कायदा आहे, आणि कडक आहे. २००६ च्या त्याच कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते आणि ती नाशिकच्या विभागीय सुविधा परिषदेपुढे जाते. आयकर कायद्यातही २०२३-२४ च्या आर्थिक वर्षापासून बदल झाला. मुदतीत पैसे चुकते केले नाहीत तर खरेदीदार कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा दाखवता येत नाही. कंपन्यांच्या हिशेबनिसांनी यानंतर पुरवठादारांकडे उद्यमचा नंबर मागायला सुरुवात केली.

परंतु तक्रार करायची कोणाविरुद्ध? ज्याच्या पुढच्या ऑर्डरीवर आठ-दहा बायकांची घरं चालतात त्याच्याविरुद्ध. तालुक्याच्या कार्यालयात ‘ताई, बसा, चहा घ्या, बिल पुढच्या आठवड्यात’ म्हणणाऱ्या माणसाविरुद्ध नाशिकला व्याज मागायला जाणारा गट विरळाच. कायद्याने दिलेलं हत्यार वापरलं तर गिऱ्हाईक तुटतं, नाही वापरलं तर भांडवल आटतं. म्हणून बिल तक्रारीविना आपोआप पुढे सरकेल अशी व्यवस्था हवी. जेमवर माल स्वीकारल्याची नोंद झाली की पैसे ठरावीक दिवसांत द्यायचे असा नियम आहे. अंगणवाडीच्या आहाराला आणि जिल्हा परिषदेच्या किरकोळ खरेदीला तसलं घड्याळ लावायला कोणाची हरकत असावी, कळत नाही.

मालकी खरी की नावाची, हा दुसरा दुखरा भाग. ५१ टक्क्यांची अट घातली की ५१ टक्के बायकोच्या नावावर करणारे निघतात. सरपंचपदाच्या आरक्षणात हे आपण पाहिलेलं आहे. राज्याने २०१७ मध्ये महिला उद्योजकांसाठी स्वतंत्र धोरण आणलं तेव्हा त्यात शंभर टक्के मालकी महिलांची आणि निम्मे कामगार महिला, अशी जास्त कडक अट ठेवली आणि भांडवली अनुदान दिलं. नुसत्या भागभांडवलाच्या टक्क्यापेक्षा कामावर कोण आहे हे मोजणं जास्त अवघड, पण फसवणूक त्यानेच कमी होते. तरीही एक मान्य करायला हवं. नावाला मालक झालेल्या काही बायका सह्या करता करता हिशेब शिकतात आणि पुढे नवऱ्याच्या हातातून चेकबुक काढून घेतात. सरपंचांच्या बाबतीत तेही आपण पाहिलं आहे.

जगात इतरत्रही हा मार्ग सोपा गेलेला नाही. अमेरिकेने १९९४ मध्ये संघराज्याच्या कंत्राटांतले ५ टक्के महिलांच्या उद्योगांना देण्याचं उद्दिष्ट कायद्यात घातलं. ते पहिल्यांदा गाठायला २०१५ उजाडलं. केनियाने महिला, तरुण आणि अपंग मिळून सरकारी खरेदीचा ३० टक्के हिस्सा राखला आहे.

खासगी कारखान्यांवर असा कोणताही टक्का बंधनकारक नाही. फक्त शेअर बाजारातल्या आघाडीच्या १,००० कंपन्यांना सेबीच्या नियमानुसार दरवर्षी जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. लहान उत्पादकांकडून किती कच्चा माल घेतला, हे त्यात सांगावं लागतं, आणि वंचित गटांकडून खरेदीला प्राधान्य देण्याचं धोरण आहे का, असाही एक प्रश्न त्यात आहे. ‘नाही’ लिहिलं तरी दंड नाही. एमआयडीसीतल्या कारखान्यांचा कँटीनचा आणि गणवेशाचा ठेका ज्या खरेदी व्यवस्थापकाच्या टेबलावर ठरतो, त्याला या प्रश्नाची माहिती असते की नाही, हा वेगळाच मुद्दा.

नरडाण्याच्या बाजूने पाहिलं तर एक तरतूद अजून जवळजवळ न वापरलेली पडून आहे. २०१२ च्या धोरणात लहान उद्योगांचा संघ करून एकत्र बोली लावायची सोय आहे. राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळाने असे संघ बांधायचे आहेत. मोठ्या कंपनीने आपल्या ऑर्डरीतला तुकडा लघु उद्योगाला उपकंत्राट म्हणून दिला तर तोही सरकारी खरेदीत धरला जातो. दोंडाईचात मिरचीचा बाजार आहे, शिरपुरात कापडाचे कारखाने आहेत, गावोगावी ‘उमेद’चे, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे, ग्रामसंघ आणि प्रभागसंघ आधीच उभे आहेत. एका गटाला ५,००० कापडी पिशव्यांची ऑर्डर झेपत नाही, दहा गटांना झेपते. त्यांना लागतो एक सामाईक नमुना, एक तपासणारी व्यक्ती, जेमवर बोली भरणारी एखादी बारावी-पदवी झालेली मुलगी आणि कापडाच्या ताग्यांसाठी महिना-दीड महिना पुरेल एवढा फिरता पैसा. प्रभागसंघाकडे यातल्या दोन-तीन गोष्टी असतात. बोली भरणारी मुलगी बहुतेक ठिकाणी सापडते. फिरता पैसा सापडत नाही, आणि दहा गटांच्या वतीने एकच बिल काढायचं कोणाच्या नावाने, यावर ग्रामसंघाच्या बैठकीत चहा दोनदा होतो.